दरडीच्या अलीकडे

पोलादपूर सुटलं आणि एसटी आंबेनळी घाटाला लागली, की पावसाळ्यात ड्रायव्हर बोलायचा थांबतो. काचेपलीकडे धुकंच धुकं. खाली खोऱ्यात सावित्री आहे हे माहीत असतं म्हणून, एरवी दिसत काहीच नाही. त्या दिवशी प्रतापगडाचा फाटा अजून लांब होता आणि एका वळणावर गाडी उभी राहिली. पुढे रस्ता नव्हताच. तांबडी माती, काळे धोंडे आणि मुळांसकट खाली आलेलं एक झाड. पानं त्याची अजून टवटवीत होती.

कंडक्टर उतरून बघून आले. ‘‘दरड आलीय. जेसीबी निघालाय म्हणतात.’’

‘‘किती वेळ लागंल, मास्तर?’’ एका आजींनी विचारलं.

‘‘पावसानं उसंत दिली तर सांगतो, आजी.’’

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि डोंगर ऐकू येऊ लागला. पाणी कड्यावरून कोसळत होतं, रस्त्याखालच्या मोरीतून घुसत होतं, आणि कान देऊन ऐकलं तर खडकाच्या आतूनही वाहत होतं. ते आतलं पाणी मला तेव्हापासून सोडत नाही. सह्याद्री म्हणजे अभंग, अचल, असंच आपण लहानपणापासून समजतो. पण हा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरावर थर साचून झालेला. दोन थरांच्या मधे कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो. वरच्या भेगाळ खडकातून झिरपलेलं पाणी या चिकट मातीपाशी अडतं, साचतं. माती भिजून ढिली होते, वरचा भार वाढत जातो, आणि रस्त्यासाठी उताराचा पायथा कापलेला असला तर तो भार तोलायला खाली काही राहत नाही.

दुपारी खालच्या वाडीतलं एक जोडपं प्लॅस्टिकच्या खोळी पांघरून वर आलं. किटलीत कोरा चहा. पैसे पुढे केले तर मावशी रागावल्याच. काका मात्र चहा देता देता सारखे कड्याकडे बघत होते. ‘‘झऱ्याचं पानी तांबडं झालं का आमी पोरं घेऊन शाळेत जातो झोपायला,’’ ते म्हणाले. बारमाही झरा एकाएकी आटला, नको तिथे नवा फुटला, झाडं किंवा विजेचे खांब कलले, अंगणात भेग पडली, तरीही घर सोडायचं. इतक्या मोलाचं शिक्षण मला कुठल्या वर्गात मिळालं नव्हतं.

२०२१च्या २२ जुलैला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळिये डोंगराखाली गेलं. पोलादपूरकडे केवनाळे आणि सुतारवाडी, पलीकडे पाटणमध्ये आंबेघर आणि मिरगाव. हा घाटरस्ताही जागोजागी वाहून गेला. रस्त्याची बातमी झाली, तो पुन्हा बांधलाही. तळियेच्या कुटुंबांना मात्र आपली जागा कायमची सोडावी लागली.

संध्याकाळी जेसीबीनं एका गाडीपुरती वाट मोकळी केली. आजी हात जोडून पुटपुटत होत्या, बाकी गाडीत कुणी बोललं नाही. मला माळीण आठवत होतं. ३० जुलै २०१४च्या सकाळी तिथे दरड कोसळली, दीडशेवर माणसं गेली, आणि बाहेरच्या जगाला ते प्रथम कळलं एका एसटी ड्रायव्हरमुळे. रोजच्या फेरीला आला, तर गाव जागेवर नव्हतं. वाडीतल्या माणसाला सगळा डोंगर दिसत नाही, तो त्याच्या पोटाशी राहतो. वरच्या रस्त्यानं जाणाऱ्याला कडा दिसतो, ताजी भेग दिसते, वळणावर साचलेला लाल गाळ दिसतो. म्हणून एक विनंती आहे. पावसाळ्यात घाटातून जाताना असं काही दिसलं, तर नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका. १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक आहे. ठिकाण नीट सांगा, आणि खाली वस्ती आहे हेही सांगा.