खारपाणातली चिकाटी

दर्यापूरच्या माणसाला चिकाटी शिकवायला बाहेरचं कोणी लागत नाही, पूर्णा नदीकाठचा खारपाणपट्टा पुरेसा आहे. विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं. ते शेताला दिलं की काळी जमीन चोपण होते, पुढं पावसाचं पाणीही मुरेनासं होतं. म्हणून इथल्या शेतकऱ्यानं ओल राखण्याची शेती धरली. उताराला आडवी पेरणी, भेगा बुजवायला डवऱ्याचे (कोळप्याचे) फेर आणि मूग निघाला की उरलेल्या ओलीवर हरभरा. विहिरीच्या पाण्याचा हट्ट कुठं सोडायचा आणि हाताशी आहे त्यावर काम कसं सुरू करायचं हे कळणं, मला वाटतं, चिकाटीचाच भाग आहे. शेजारच्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनीही ऋणमोचनच्या यात्रेत उपदेशाआधी हातात खराटाच घेतला. तिथला नदीवरचा घाट नंतर झाला.

कोणी म्हणेल, हे कौतुक म्हणजे सरकारला मोकळं सोडणं. आक्षेप निम्मा खरा आहे. प्यायचं गोडं पाणी काही सोसण्यानं आलं नाही, शहानूर धरणातून नळानं आणावं लागलं. पण नळ आला तरी शेत कोरडवाहूच राहिलं, आणि तिथं डवरा शेतकऱ्यालाच धरावा लागतो. तेव्हा कौतुक जरूर करा, पण पावसाचं पाणी साठवणाऱ्या शेततळ्याची मागणी सोडू नका.