पूर्व लंडनच्या मुलांच्या शाळेत मदतनिसाचा पहिला दिवस

इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत शिक्षकाच्या जोडीला टीचिंग असिस्टंट असतात; शाळेत त्यांना ‘टीए’ म्हणतात. पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागातील मुलांच्या एका माध्यमिक शाळेत प्रस्तुत लेखिकेने हे काम सुरू केले. अकरा ते सोळा वयाच्या या मुलांपैकी बहुतेकांची घरे मूळची बांगलादेशातील सिल्हेटची, उरलेली सोमालिया, नायजेरिया आणि पूर्व युरोपातली.

वर्गात पाऊल टाकण्याआधी बराच वेळ सुरक्षिततेच्या बाबींत जातो. गुन्हेगारी नोंदींची तपासणी झालेली असावी लागते, आणि ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ या सरकारी मार्गदर्शिकेचा पहिला भाग वाचलेला असावा लागतो. त्यानंतर बालसुरक्षेची जबाबदारी असलेले शिक्षक समोर बसवून एक नियम सांगतात: मुलाने काही गंभीर सांगितले, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द द्यायचा नाही. ऐकून घ्यायचे, खोदून विचारायचे नाही आणि त्याच दिवशी लेखी कळवायचे. आपुलकीने कामाला आलेल्या माणसाला हे कोरडे वाटू शकते. पण खोटा शब्द देऊन मिळवलेला विश्वास पुढे त्या मुलालाच महागात पडतो, म्हणून हा नियम रास्तच आहे.

हजेरी कायद्यानुसार दिवसातून दोनदा होते. शिक्षिकांना मुले नुसते ‘मिस’ म्हणतात, शिक्षकांना ‘सर’. मुलांची नावे मात्र नीट उच्चारावी लागतात. अवघड वाटणारे नाव त्या मुलालाच विचारून घेतले, तर त्याला ते आवडते.

त्या दिवशी गणिताच्या तासाला लेखिकेकडे सातवीतला एक मुलगा सोपवण्यात आला होता. बंगाली कुटुंबातला हा मुलगा इटलीत वाढला होता. तिथून लंडनला आलेली अशी कुटुंबे या भागात बरीच आहेत. त्याला बंगाली आणि इटालियन येत होते, इंग्रजी बेताचेच. मदतनीस शेजारी बसताच त्याने हाताने वही झाकली. या वयात मदतीची गरज आहे हे मित्रांना दिसणे मुलांना नकोसे असते. म्हणून लेखिका रांगेच्या टोकाला बसली आणि आधी इतर दोघांच्या वह्या पाहिल्या. मग त्याने आपणच वही पुढे सरकवली.

गणित ३.५ अधिक १.२५ असे होते. त्याने उत्तर ४,७५ असे लिहिले होते आणि वह्या बदलून तपासताना शेजारच्या मुलाने त्यावर फुली मारली होती. इटलीत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविरामच वापरतात, तर हजार वेगळे दाखवायला टिंब. बेरीज अगदी बरोबर होती. ही गोष्ट शिक्षकांच्या कानावर घालताच त्यांनी फळ्यावर दोन्ही पद्धती लिहून दाखवल्या. इटलीतून आलेल्या आणखी एकाने हात वर केला.

मूल अडले की मदतनिसाने स्वतःच उत्तर लिहून देणे सोपे असते, पण घातकही. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधील पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००३ पासून काही वर्षे केलेल्या मोठ्या अभ्यासात, मदतनिसांचा आधार सर्वांत जास्त मिळालेल्या मुलांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी आढळली. दोष मदतनिसांचा नव्हता. त्यांची पूर्वतयारी करून घेतली जात नसे आणि गरजू मुले शिक्षकांपासून दुरावून त्यांच्याच हवाली होत. शिवाय मुलाने विचार करण्याऐवजी काम पूर्ण होण्यावर भर राही. म्हणून आता आधी थांबायचे, मग प्रश्न विचारायचा, नंतर सूचक खूण द्यायची आणि अगदी शेवटी करून दाखवायचे, हा क्रम शिकवला जातो. थांबणे सर्वांत अवघड जाते.

जेवणाच्या सुट्टीत मदतनिसाला बहुधा भोजनगृहात किंवा मैदानावर उभे राहावे लागते. मांसाहार हलाल असल्याने बहुतेक मुले एकाच रांगेत येतात. ढकलाढकलीला खेळ समजावे की भांडण, हे जुन्या कर्मचाऱ्याला विचारूनच ठरवलेले बरे.

शाळा सुटल्यावर प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकांसाठी थोडक्यात नोंद लिहायची असते. त्या मुलाच्या नोंदीत इतकेच होते: दशांशांची बेरीज जमते, चिन्हाची सवय बदलायची आहे, पुढच्या तासाला शेजारी न बसता रांगेच्या टोकाहून मदत करावी.