चाकांवरच्या घराची आगोट

वसईच्या वाडीत वाढलेल्या माणसाला आगोट म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. मे महिना सरत आला की घराघरांतून एकच लगबग सुरू होई. कौले शाकारून घ्यावयाची, पडवीला झावळ्यांचे झाप बांधावयाचे, लाकूडफाटा कोरड्या जागी रचावयाचा, मसाला कुटून बरण्यांत दाबून भरावयाचा, सुके बोंबील डब्यांत बंद करावयाचे. तिकडे पाचूबंदरला कोळी बांधव आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवीत. पहिली सर कोसळण्यापूर्वी हे सारे उरकले पाहिजे, हाच सर्वांचा ध्यास असे. १९९८ साली आम्ही कॅनडातील ऑण्टेरिओ प्रांतात येऊन राहिलो, तेव्हा ही धांदल कायमची मागे पडली असे आम्हांस वाटले. परंतु काही वर्षांतच ती नव्या रूपाने आमच्या दाराशी आली. महिना ऑक्टोबर, पावसाऐवजी हिमवर्षाव, आणि कौलारू घराच्या जागी चाकांवरचे एक घर!

हे घर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढावयाचा २२ फुटी ट्रेलर. २००७ साली आम्ही तो वापरलेलाच विकत घेतला. आत बिछाने, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, मोरी, शौचकूप, आणि गरम पाण्यासाठी एक बंबसुद्धा. इकडचा उन्हाळा थोडक्या दिवसांचा. तेवढ्या अवधीत येथील कुटुंबे अशी घरे घेऊन सरोवरांच्या काठी आणि अरण्यांत मुक्कामाला जातात. १८९३ साली राखून ठेवलेल्या ॲल्गॉनक्विनच्या वनात आम्हीही मुलांना घेऊन गेलो, जॉर्जियन उपसागराच्या काठी किलबेअरला गेलो. शहरातील घरी तिन्ही मुले आपापल्या खोलीचे दार लावून बसत. या २२ फुटांत त्यांना पळून जावयास जागाच नव्हती. पावसाच्या दिवशी पत्ते खेळता खेळता ती मराठीत भांडावयास शिकली, हे या ट्रेलरचे आमच्यावरील मोठेच उपकार होत.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येथे थँक्सगिव्हिंग, म्हणजे सुगीबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्याचा सण असतो. १९५७ सालापासून त्याचा हा दिवस ठरलेला आहे. तोवर मेपल वृक्षांची पाने लाल-केशरी होऊन गळू लागलेली असतात. वर्षातील आमचा शेवटचा मुक्काम तोच असे. त्यानंतर कोणत्याही रात्री पारा शून्याखाली उतरू शकतो.

वाचकांना वाटेल, घर पक्के बंद केल्यावर थंडीने त्याचे काय बिघडणार? छपरावर साचणाऱ्या बर्फाची काळजी असतेच. परंतु खरी भीती आत राहून गेलेल्या पाण्याची. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. नळीच्या वाकणात अडकलेले घोटभर पाणी जानेवारीच्या थंडीत पंपाचे कवच तडकवते, नळाचा सांधा फोडते. शिवाय ही भेग तेव्हा कळतच नाही, कारण ती फोडणाऱ्या बर्फानेच ती बुजलेली असते. वसंत ऋतू येतो, बर्फ वितळतो, मोठ्या उत्साहाने पंप सुरू केला जातो आणि भिंतीच्या आतल्या आत पाणी झिरपू लागते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाला हे जून महिन्यात समजले; तोवर त्यांच्या ट्रेलरची लाकडी जमीन पायाखाली दबू लागली होती.

म्हणून पहिले काम रिते करण्याचे. सांडपाण्याची आणि मैल्याची टाकी नेमून दिलेल्या जागी रिकामी करून धुवावयाची, पिण्याच्या पाण्याची टाकी सोडून द्यावयाची. बंब आधी बंद करून पुरता थंड होऊ द्यावयाचा, नळ उघडून त्यातील दाब काढावयाचा आणि मगच त्याचे बूच सोडावयाचे. घाई केल्यास कढत पाणी अंगावर येते. आमच्या बंबाच्या बुचाला मॅग्नेशियमची एक कांडी जोडलेली असे. टाकीचे पोलाद गंजण्याऐवजी ती झिजत जाते. दरवर्षी तिला बाहेर काढून पाहावे आणि फारच बारीक उरली असल्यास नवी बसवावी. ट्रेलरच्या तळाशी थंड आणि गरम पाण्याच्या दोन तोट्या असतात. त्या उघडल्या की नळ्यांतील पाणी गुळण्या टाकीत बाहेर पडते.

एवढे करूनही वाकणांत थोडे पाणी उरतेच. त्याच्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी अँटिफ्रीझ मिळते. मोटारीच्या इंजिनात घालावयाचे इथिलीन ग्लायकॉल विषारी असते. ते पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत कदापि घालू नये. बंबाकडे जाणारी वाट व्हॉल्व्ह फिरवून आधी बंद करावयाची, नाहीतर २० लिटरांहून अधिक अँटिफ्रीझ एकटा बंबच पिऊन टाकतो. मग पंपाची नळी कॅनमध्ये बुडवून एकेक नळ उघडावयाचा. प्रथम स्वच्छ पाणी येते, मग फिकट, आणि शेवटी दाट गुलाबी धार. गरम नळ वेगळा, थंड नळ वेगळा, शौचकुपाचे पाणी, बाहेरचा फवारा: एकही विसरून चालत नाही. मोरीखालच्या वाकड्या नळीत पेलाभर ओतले की हे काम संपले.

उरलेली कामे किरकोळ दिसतात, पण तीही सोडता येत नाहीत. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, उतरलेली मात्र उणे १० अंशांच्या आसपासच गोठते. म्हणून ती काढून घरी आणावी. प्रोपेन वायूचे सिलिंडर बंद करावे, परंतु ते घरात कधीच ठेवू नये. फ्रिज पुसून, आत खाण्याचा सोडा ठेवून, त्याचे दार उघडे सोडावे. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातूनही उंदीर शिरतात. तेथे भांडी घासावयाच्या तारेचे बोळे घट्ट बसवावेत. छपराच्या सांध्यांवरून हात फिरवून पाहावा. मग आम्ही ट्रेलर ओढत एका शेतकऱ्याकडे नेत असू. पीक निघाल्यावर त्याच्या जुन्या कोठाराचा अर्धा भाग अशा गाड्यांसाठी भाड्याने मिळे.

२०२३ च्या जून महिन्यात आम्हा उभयतांपैकी एकाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. मे महिन्यातील एका मुक्कामानंतर ट्रेलर त्या वर्षी जागचा हललाच नाही. सप्टेंबरमध्ये एक तरुण जोडपे त्याची चौकशी करीत आले. कडेवर वर्षाचे मूल होते. त्यांनी सांगितलेली किंमत रास्त होती. कॅलगरीहून थोरल्या मुलाने दूरध्वनीवर निक्षून सांगितले, "विकून टाका. विमा भरायचा, कोठाराचे भाडे द्यायचे. टायर तर नुसते उभे राहूनही म्हातारे होतात." त्याचे म्हणणे खरे होते. आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि होकार देण्याचे धैर्यही नव्हते. जड उचलावयाचे नाही, खाली वाकावयाचे नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. तेव्हा निर्णय लांबला की पाणी आतच राहणार, हेही आम्हांस कळत होते.

ऑक्टोबरातील एका शनिवारी मधली मुलगी हॅमिल्टनहून जुने कपडे घालून आली. विकण्याविषयी तिने एक अक्षरही विचारले नाही. "कोणाचाही होऊ दे तो," ती म्हणाली, "आत पाणी ठेवून कसा द्यायचा?"

त्या क्षणी आम्हांस वाडीतील आजोबा आठवले. अखेरच्या मे महिन्यात ते पडवीत खाटेवर पडून होते आणि तेथूनच शाकारणाऱ्यांना फुटकी कौले दाखवीत होते. तो पावसाळा त्यांनी पाहिला नाही. तेव्हा ही त्यांची वेड्यासारखी चिकाटी वाटली होती. त्या शनिवारी घडीच्या खुर्चीवर, मांडीवर शाल घेऊन बसलो असता ती आम्हांस उमगली. त्यांची आगोट ते आमच्यासाठी करीत होते.

आम्ही क्रम सांगत गेलो, मुलगी ट्रेलरखाली शिरली. बंबाची कांडी सुतासारखी झाली होती. तिने नवी बसवली. तीन कॅन अँटिफ्रीझ लागले. शेवटचे दोन नळ उघडण्याचे काम तिने आग्रहाने आमच्याकडे दिले. शेगडीवरच्या कप्प्यात आमची एक वही असे, २००७ पासूनच्या सोळा आगोटींची नोंद असलेली. सतरावी नोंद मुलीच्या हातची आहे: तारीख, तीन कॅन, नवी कांडी, बॅटरी काढली. त्याखाली तिने वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिले आहे, "दोन नळ ममी-पप्पांनी."

२०२४ च्या मे महिन्यात कोठाराचे दार उघडले. नळ्यांतून आधी गुलाबी, मग निर्मळ पाणी वाहिले. कोठेही एक थेंब गळला नाही. त्याच आठवड्यात आम्ही ट्रेलर त्या तरुण जोडप्याला दिला. वही आम्ही ठेवून घेतली. मुलीने तिच्यातील क्रम एका कागदावर त्यांच्या भाषेत उतरवून दिला.

ऑक्टोबरमध्ये त्यांचा दूरध्वनी आला. बंबाकडची वाट केव्हा बंद करायची, पंप लावण्यापूर्वी की नंतर, असा प्रश्न होता. कागदाच्या त्या ओळीवर दूध सांडले होते. "आधी," आम्ही दोघांनी एकदमच सांगितले.