बोर्दोसाठी दोन दिवस

मुरुडला आलेला पाहुणा बहुधा एकच प्रश्न विचारतो, "किल्ला किती वेळात होतो?" राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात जायचे, आत तासभर हिंडायचे, कलाल बांगडी तोफेपाशी फोटो काढायचा आणि अंधार पडायच्या आत अलिबागचा रस्ता धरायचा. आम्ही गावकरी अशा पाहुण्यांची मनातल्या मनात थट्टा करीत आलो आहोत. येत्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या बोर्दो शहरात मी नेमका असाच पाहुणा होणार आहे.

लेक तुलूझला नोकरी करते. तिथून बोर्दो आगगाडीने दोन-अडीच तासांवर. तिला रविवार-सोमवार एवढेच दोन दिवस मोकळे आहेत. व्हिसाच्या अर्जासाठी प्रवासाचा बेत लागतो, म्हणून तिने तो तासांच्या रकान्यांसह आखून पाठवला. रविवारी प्लास द ला बुर्स हा नदीकाठचा चौक, त्यासमोरचा पाण्याचा आरसा, मग २०१६ साली उघडलेले 'सिते द्यु वाँ' हे वाइनचे भव्य संग्रहालय. सोमवारी सँतेमिलियोंचे द्राक्षमळे.

मळ्यांना माझी हरकत नाही. वाइन मी पीत नाही. पण नारळ-सुपारीच्या वाडीत जन्म गेलेल्या माणसाला दुसऱ्याची वाडी पाहिल्यावाचून चैन पडत नाही. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात आमच्याकडची जुनी झाडे एका दुपारीत आडवी झाली. सुपारीचे रोप धरते व्हायला सहा-सात वर्षे लागतात, त्यामुळे जुन्या लागवडीविषयी मला जरा जास्तच ममत्व आहे. शिवाय बोर्दोच्या वाइनची कथाही गमतीची. ११५२ साली आकितेनची डचेस एलेनोर हिने ज्याच्याशी लग्न केले तो हेन्री दोन वर्षांत इंग्लंडचा राजा झाला, आणि पुढची तीनशे वर्षे, १४५३ पर्यंत, हा मुलूख इंग्रजी मुकुटाशी जोडलेला राहिला. गारोन नदीतून पिंपे भरभरून इंग्लंडला गेली. एका लग्नाने एवढी मोठी बाजारपेठ मिळाल्याचे उदाहरण विरळाच.

अडले ते रविवारपाशी. बोर्दोविषयी वाचत बसलो, तेव्हा कळले की ज्या दगडी इमारतींमुळे शहराला २००७ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांतल्या पुष्कळशा अठराव्या शतकातल्या आहेत. आणि त्या शतकातला पैसा केवळ द्राक्षांचा नव्हता. कॅरिबियन बेटांतली साखर आणि कॉफी या बंदरात उतरत असे, आणि ती पिकवणारे हात गुलामांचे होते. इथल्या जहाजांनी सव्वा ते दीड लाख आफ्रिकी माणसे समुद्रापार नेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. नदीकाठच्या इमारतींवर शोभेसाठी जे दगडी मुखवटे कोरले आहेत, त्यांतले काही चेहरे आफ्रिकी आहेत.

त्याच काठावर २०१९ सालापासून एका स्त्रीचा पुतळा उभा आहे. तिचे मूळ नाव अल पुएसी. पूर्व आफ्रिकेत जन्मलेल्या या मुलीला पकडून विकले गेले. बोर्दोच्या तेस्तास नावाच्या व्यापारी बंधूंनी तिला विकत घेतले, मोदेस्त असे नवे नाव दिले आणि आज हैती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या वसाहतीत नेले.

पूर्व आफ्रिका हे शब्द वाचून मी थांबलो. आमचे सिद्दीही तिकडचेच. हबसाणातून समुद्रमार्गे आलेल्या माणसांच्या वंशजांनी इथे राज्य केले, १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत. एकाच किनाऱ्यावरून निघालेली माणसे. कोणी नवाब झाले, कोणी उसाच्या मळ्यात गेले. हा फरक का पडला, याचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि 'नशीब' म्हणून सुटका करून घेणे बरे वाटत नाही.

शाळेत माझ्या बाकावर एक सिद्दी मुलगा बसत असे. मोठेपणी एकदा तो म्हणाला होता, "लोक तोफा बघून जातात रे. आम्ही कुठून आलो, हे कोणी विचारत नाही." मी हसून विषय बदलला होता. किल्ला दाखवायला मी किती पाहुणे नेले असतील! खोकरीचे घुमट रस्त्यालाच आहेत. तिथे सिद्दी सरदारांच्या कबरी आहेत. तिथे मी कोणासाठीही गाडी थांबवली नाही.

लेकीला फोन केला. म्हटले, "सिते द्यु वाँ गाळ. त्याऐवजी आकितेन संग्रहालय घे. गुलामांच्या व्यापारावरची दालने तिथे आहेत."

"बाबा, सगळे जग वाइनसाठी बोर्दोला जाते. तुम्ही तिथेही इतिहासाचा तासच घेणार का?"

"सोमवारी ते बंद असते. रविवारीच जमेल."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुतळाही पाहायचा असेल तर नदीकाठी चालावे लागेल. तुमच्या गुडघ्याचे काय?"

काल सुधारलेला बेत आला. सोमवारचे द्राक्षमळे तसेच आहेत. रविवारी सकाळी संग्रहालय. दुपारी तीन ते चार या रकान्यात तिने फक्त 'धक्का' एवढेच लिहिले आहे.

शाळेतला तो मित्र आता राजपुरीला राहतो. अर्ज घेऊन मुंबईला जाण्याआधी एकदा त्याच्याकडे जाऊन येणार आहे.