चौकशीपूर्वीचा निवाडा

चि. सौ. बेबीस,


एकाच लखोट्यात तू दोन कागद धाडलेस: एक तुझ्या गर्भाशयमुखाच्या तपासणीचा, ज्यावर एचपीव्ही विषाणू आढळल्याची नोंद आहे, आणि दुसरा, तुझ्या लेकीला, चिमीला, त्याच विषाणूविरुद्धची लस देऊ नये म्हणून तुझ्या थोरल्या दिरांनी दिलेल्या जुन्या कात्रणाची नक्कल. पहिला कागद तू फाशीचा हुकूम समजून बसली आहेस आणि दुसरा शाबीत झालेला गुन्हा. वस्तुतः दोन्ही नुसत्या फिर्यादी आहेत, आणि फिर्याद दाखल झाली म्हणजे चौकशी सुरू व्हावयाची असते, निवाडा नव्हे.

कात्रणाची हकीकत प्रथम घेतो, कारण ती खोटी नाही आणि तिला हसून वाटेला लावणे मला अप्रशस्त वाटते. तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील बडोदे या जिल्ह्यांत 2009 साली सुरू झालेल्या उपक्रमात सुमारे 24,000 मुलींना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी सात मुली पुढे मृत्यू पावल्या, गवगवा झाला, आणि 2010 च्या एप्रिलमध्ये सरकारने तो उपक्रम तहकूब केला. चौकशीअंती निघाले ते असे, की एक मुलगी खाणीच्या पाण्यात बुडाली होती, एकीस सर्पदंश झाला होता, दोघींनी कीटकनाशक प्राशन केले होते, एक हिवतापाने गेली होती. उरलेल्या दोघींच्या मृत्यूचे कारण तितके स्पष्ट ठरले नाही, तरी लसीशी त्याचा संबंध असणे असंभाव्य, असा अभिप्राय तपास करणाऱ्यांनी दिला. (लसीवरचा आळ दूर झाल्यावर, विष पिऊन गेलेल्या त्या दोन पोरींची पुढे कोणी विचारपूस केल्याचे माझ्या वाचनात नाही, आपल्या सार्वजनिक करुणेचा स्वभावच तसा आहे.)

परंतु लस निर्दोष ठरली म्हणून ती टोचविणारे कारभारीही निर्दोष ठरले, असे मात्र नव्हे. अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी वा मुख्याध्यापकांनी सह्या ठोकल्या होत्या, प्रतिकूल परिणामांची नोंद ठेवण्याची व्यवस्था तुटपुंजी होती, आणि 2013 साली संसदीय समितीने या साऱ्यावर कडक ताशेरे ओढले. तुझ्या दिरांचा संताप योग्य आहे. त्याचा पत्ता तेवढा चुकला आहे. जपानातही 2013 च्या जूनमध्ये, दीर्घकाळ अंग दुखत राहिल्याच्या तक्रारींवरून, सरकारने आपली शिफारस स्थगित केली आणि सत्तर टक्क्यांच्या घरातले लसीकरण एका टक्क्याखाली आले. नागोया शहरात सुमारे 30,000 तरुणींच्या माहितीची छाननी झाली तेव्हा लस घेतलेल्यांत त्या तक्रारी अधिक असल्याचे आढळले नाही, तरीही शिफारस पूर्ववत व्हावयास 2022 साल उजाडले. दंड दुखणे, किंचित ताप, डोकेदुखी, क्वचित टोचल्यावर येणारी भोवळ आणि अतिक्वचित तीव्र ॲलर्जी, हे मात्र खरे परिणाम आहेत, आणि ते दडवणारा डॉक्टर मला अफवा पसरवणाऱ्याइतकाच नापसंत आहे.

आता तुझा कागद. मामाने भाचीस लिहावा असा हा विषय नव्हे, परंतु तुझ्या घरात तो कुजबुजीने बोलला जात असल्याचे तूच लिहितेस, म्हणून स्पष्ट लिहितो. हा विषाणू इतका सार्वत्रिक आहे, की संसारी माणसांपैकी बहुतेकांना तो कधी ना कधी गाठतोच. तो वर्षानुवर्षे निपचित राहू शकतो, यास्तव आज तो सापडला यावरून तो केव्हा व कोणाकडून आला हे कोणासही सांगता येणार नाही, आणि कोणी कोणाकडे बोट दाखविण्यास यत्किंचितही आधार नाही. बहुधा शरीर स्वतःच वर्षा-दोन वर्षांत त्याचा निकाल लावते. जेथे तो ठाण मांडून बसतो तेथेही गर्भाशयमुखाचा कर्करोग व्हावयास सामान्यतः दहा-वीस वर्षे लागतात.

असा निकाल म्हणजे फाशीचा हुकूम नव्हे, याचा पुरावा तुझ्या सासरच्याच मुलखातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात बार्शीच्या व मुंबईच्या कर्करोग रुग्णालयांतील मंडळींनी 30 ते 59 वयाच्या 1,31,000 हून अधिक निरोगी स्त्रियांचे चार गट पाडून आठ वर्षे त्यांचा मागोवा घेतला. विषाणूची तपासणी झालेल्यांपैकी दर दहांत साधारण एकीचा निकाल तुझ्यासारखा आला, आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग तर नव्हताच, त्याची गंभीर पूर्वावस्थाही नव्हती. मात्र या तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 34 स्त्रिया दगावल्या, तर जवळजवळ तेवढ्याच मोठ्या, विनातपासणीच्या गटात 64. त्या विनातपासणीच्या गटास नेहमीच्या व्यवस्थेवर सोडून देणे मला आजही रुचत नाही. तथापि त्यांच्या वाट्यास आलेल्या उपेक्षेतून जे ज्ञान हाती आले, ते वापरावयाचे नाही, हा त्यांचा दुसरा अपमान होईल.

तेव्हा पुढची पायरी एवढीच, की स्त्रीरोगतज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासून घ्यावयाचे आणि त्यांस शंका वाटली तर छोटासा तुकडा काढून तपासणीस पाठवावयाचा. दोष निघालाच, तर कर्करोग होण्याआधीच तो सहज नाहीसा करता येतो. लस तुझ्या अंगातला विषाणू घालवणार नाही. ती विषाणू गाठण्याआधी घ्यावयाची असते, म्हणूनच 9 ते 14 हे वय सांगितले आहे. चिमीने आज लस घेतली तरी तिशीनंतर तिलाही तपासणी चुकत नाही, हे तिला वेळेवर सांग.

दिरांना माझे हे पत्र खुशाल दाखव. चिमीला उपाशीपोटी नेऊ नकोस, टोचल्यावर पंधरा मिनिटे तेथेच बसवून ठेव, तारीख व कुपीचा क्रमांक लिहून घे, आणि तिला काही वेगळे जाणवले तर संकोच न करता लेखी तक्रार नोंदव. मात्र तुझी दुर्बिणीची तपासणी चिमीच्या परीक्षेनंतर, मग दिवाळीनंतर, अशी लांबवू नकोस. याच महिन्यातली तारीख घे आणि मला कळव.

तुझा,
मामा