काटा धरणारे हात

आरोग्याचं धोरण मंत्रालयात ठरतं. पण ज्या आकड्यांवर ते ठरतं, ते वर जातात गावातून. ते खरे असावेत म्हणून आधी कुणाला तरी किंमत मोजावी लागते. मला हे दाखवलं औरंगाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या अंगणवाडी सेविकेनं. आम्ही सगळ्या त्यांना अक्का म्हणायचो. मी तेव्हा नवखी पर्यवेक्षिका होते.

श्रेणी तीन-चारची, म्हणजे तीव्र कुपोषित बालकं जास्त दिसली की जाब सेविकेलाच विचारला जाई. त्यामुळे नोंदवहीतली वजनं फुगायची. अक्का मात्र काट्यावर आलं तेवढंच लिहीत. म्हणत, "वाढवून लिहिलं तर लेकरू कागदावर बरं होतं मॅडम, घरात नाही." त्यांच्या नोंदी मी तशाच वर पाठवल्या आणि माझ्या बीटचा, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांचा, कुपोषणाचा आकडा सगळ्यांत मोठा निघाला. मासिक बैठकीत मला उभं केलं गेलं. तेव्हा मागून अक्का उठल्या. "साहेब, काटा मी धरला होता. मला विचारा." मानधनावर काम करणारी ती बाई माझ्यासाठी स्वतःचं काम पणाला लावत होती.

त्याच सुमारास, 2002मध्ये, विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकारानं मराठवाड्यात कुपोषणाविरुद्ध मोहीम सुरू झाली. प्रत्येक बालकाचं वजन घ्यायचं आणि खरं तेच लिहायचं, यावर तिचा भर होता. अक्का एकटीनं जे करत होत्या, त्याला आता प्रशासनाचं बळ मिळालं. या अनुभवातूनच 2005मध्ये राज्य सरकारनं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केलं. त्याचं मुख्यालय औरंगाबाद शहरातच होतं, रमणी पहिले महासंचालक होते आणि युनिसेफची साथ होती. आधी आदिवासीबहुल जिल्हे, मग उरलेलं राज्य असं काम पसरत गेलं. 2011पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात गर्भधारणेपासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांवर लक्ष दिलं गेलं. 2012च्या सर्वेक्षणात दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुरटेपण 2005-06च्या तुलनेत बरंच घटलेलं दिसलं. त्याचं श्रेय अनेकांचं आहे. पण दुखणं लपवलं असतं, तर त्यावर उपाय तरी कुणी योजला असता?

पुढे नोकरीत जेव्हा जेव्हा खरा आकडा अडचणीचा ठरला, तेव्हा तो पाठवण्याचं बळ मला त्या बैठकीतून मिळालं. अक्कांचं हे देणं मला एकटीला फिटणारं नाही, कारण ते राज्याच्याही डोक्यावर आहे. डिसेंबर 2023मध्ये अक्कांसारख्याच राज्यातल्या अंगणवाडी सेविका वेतनश्रेणी आणि ग्रॅच्युइटीसाठी संपावर गेल्या. आज त्या मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरतात, आणि त्यांनी भरलेल्या नोंदींवर दिल्लीपर्यंत निर्णय होतात. ज्यांच्या शब्दावर सरकार धोरण बेततं, त्यांना पोटापुरतं वेतन आणि म्हातारपणाची हमी द्यायलाच हवी.