वेतोबाच्या व्हाणा

आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या भल्यामोठ्या व्हाणा वाहतात. वेंगुर्ले तालुक्यातलं हे देवस्थान. नवसाला केळ्यांचे घड आणि व्हाणांचे जोड. लहानपणी आजीचं बोट धरून गेलो होतो, तेव्हा विचारलं, देवाला चपला कशाला? आजी म्हणाली, "रातचो गाव राखूक फिरता तो. म्हणान झिजतत." मी वाकून एका जोडाचे तळवे पाहिले. तो दिसत नाही, पण तो फिरतो हे कळायला व्हाणा आहेत, एवढं त्या दिवशी मनात बसलं.

पुढे सर्व्हर सांभाळायची नोकरी धरली आणि पडद्यामागे अखंड चालणाऱ्या प्रोग्रॅमला 'डीमन' म्हणतात हे कळलं. १९६३च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या मंडळींनी हे नाव भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या विचारप्रयोगातून उचललं. त्यातला अदृश्य जीव दारात बसून रेणू निवडत असतो. माझ्यासाठी मात्र त्या शब्दाचा मराठी अर्थ पहिल्या दिवसापासून एकच आहे: राखणदार.

एसएसएचडी, म्हणजे एसएसएचचा डीमन, हा त्यातला सगळ्यात जोखमीच्या जागेवरचा. दुरून यंत्रात येणाऱ्या प्रत्येकाला तो दारातच अडवतो, ओळख पटवतो, मग आत घेतो. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. तोवर टेलनेटवरून पासवर्ड पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जायचा. टेलनेटचं पोर्ट २३, एफटीपीचं २१. मधलं २२ रिकामं होतं, ते त्यांनी मागून घेतलं. तीस वर्षं झाली, राखणदाराची चौकी अजून तीच.

एका आषाढात मी गावी होतो आणि मुंबईतल्या एका कार्यालयाचा सर्व्हर मला आत घेईना. बाहेर पागोळ्या कोसळत होत्या, समोर दोनच शब्द: 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. हे शब्द वाचायला शिकावं लागतं. 'टाइम्ड आउट' आलं असतं तर पलीकडून काहीच उत्तर नाही. बहुधा फायरवॉलने हाक मधेच गिळली किंवा यंत्रच बंद. 'रिफ्यूज्ड' म्हणजे पलीकडून कुणीतरी उत्तर देतंय, पण २२ नंबरच्या दाराशी कुणी बसलेलं नाही.

तिथल्या तरुण सहकाऱ्याला फोन लावला. "सर, मी संध्याकाळी कॉन्फिग बदलून सर्व्हिस रीस्टार्ट केली," तो म्हणाला. आवाज पार उतरला होता. एसएसएचडीला 'टी' हा पर्याय दिला की तो सेवा सुरू न करता नुसती कॉन्फिग तपासून देतो. तपासली. एका शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं, ओळीच्या क्रमांकासकट दाखवलं. दुरुस्त केलं, सेवा उठली.

आता नवे शब्द आले: 'परमिशन डिनाइड'. माझी ओळख पटवणारी किल्ली तीच, यंत्र तेच, तरी नकार. आणि नकाराचं कारण दारात उभ्या असलेल्याला हा राखणदार कधी सांगत नाही. मला ते मनापासून पटतं. कारण सांगितलं तर चोरालाही कुठे जोर लावायचा ते कळेल. खरं काय ते तो लॉगमध्ये लिहितो. शिवाय पार्श्वभूमीला गेलेल्या प्रोग्रॅमचं टर्मिनलशी नातं तुटलेलं असतं. बोलायला त्याच्यापाशी पडदाच नसतो, फक्त वही असते.

सहकारी लॉग वाचू लागला आणि थबकला. "सर, इथे कोण कोण येऊन गेलंय!" रूट, अॅडमिन, टेस्ट... जगाच्या कुठल्या कोपऱ्यातून नावं घेऊन दार ठोठावणाऱ्यांच्या ओळीच ओळी, दर काही सेकंदांनी एक, आणि प्रत्येकीपुढे नकार. आम्ही झोपलो होतो, जेवत होतो, सणाला गावी गेलो होतो, तेव्हाच्या त्या ओळी. आरवलीत वाकून पाहिलेले तळवे मला आठवले.

त्या गर्दीत आमची ओळ सापडेना. मग मी त्याला एसएसएचडीची दुसरी प्रत २२२२ पोर्टवर डीबग मोडमध्ये उठवायला सांगितली. या मोडमध्ये तो पार्श्वभूमीला जात नाही, समोर बसतो, एकाच पाहुण्याला भेटतो आणि भेट संपली की उठून जातो. सहकाऱ्याने स्वतःच्या लॅपटॉपवरून त्याच खात्यात शिरायचा प्रयत्न केला आणि फोनवर एकेक ओळ वाचू लागला. मी डोळे मिटून ऐकत होतो. 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर डिरेक्टरी' हे शब्द आले आणि मी म्हटलं, "थांब. होम डिरेक्टरीच्या परवानग्या बघ."

७७७. फायली सगळ्यांना मिळाव्यात म्हणून त्याने चांगल्या हेतूने दिलेल्या. पण ज्या घरात कुणीही लिहू शकतो, त्या घरातली किल्ल्यांची यादीही कुणी बदललेली असू शकते. म्हणून अशा घराच्या यादीवर एसएसएचडी विश्वास ठेवत नाही. किल्ली खरी असली तरीही. घराला ७५५, किल्ल्यांच्या फोल्डरला ७००, यादीला ६००. तीन आज्ञा दिल्या आणि मी वेंगुर्ल्यातून मुंबईत पोचलो. पाऊस तेवढाच होता.

तुम्हीही असा एखादा सर्व्हर सांभाळत असाल तर एवढं करा. एसएसएचडी रीस्टार्ट झाला तरी आधीपासून जोडलेलं सेशन सहसा तुटत नाही. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी एक सेशन उघडं ठेवा, 'टी' देऊन कॉन्फिग तपासा, आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत जाता येतंय हे पाहिल्याशिवाय ते पहिलं बंद करू नका.